समोरची टीम

स्पर्धेहून परत आल्यावर पहिल्याच सोमवारी मुख्याध्यापकांनी मला प्रार्थनेनंतर माईकवर बोलावलं. या स्पर्धेतून आपण काय शिकलो ते मुलांना सांगा, म्हणाले. टेबलावर ट्रॉफी होती, तिला झेंडूचा हार घातलेला होता. मी काही तयारी केली नव्हती, पण बोललो, आणि लोक म्हणतात की चांगलं बोललो. शिस्त, चिकाटी, मैदान न सोडणं. मग मी एका खेळाडूची गोष्ट सांगितली. उपांत्य सामन्यात तिच्या डोक्याला लागलं, पंचांनी विचारलं, समोर कोणती टीम आहे, आणि ती पडल्या पडल्या म्हणाली, सावरगाव. सगळं पटांगण हसलं. मी म्हटलं, अशी मुलगी हरत नसते. टाळ्या वाजल्या. एका शिक्षकानं मोबाईलवर ते सगळं घेतलं आणि दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक ग्रुपवर ते फिरलं.

पांढुर्ण्यात त्या उत्तराचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं करतात, त्यावर झेंडा लावतात, आणि तो मिळवायला दोन्ही काठांवरून दिवसभर एकमेकांवर दगड मारतात. त्याला गोटमार म्हणतात. इथला माणूस क्रिकेट खेळो की कॅरम, समोरच्याला गमतीनं सावरगावच म्हणतो. सासरच्या माणसांनाही म्हणतो. त्यामुळे मुलं हसली यात त्यांचं काही चुकलं नाही. त्या भाषणात मी जे सांगितलं नाही, ते इथे लिहितो आहे.

मी खेळाचा शिक्षक. मुळात कबड्डीचा. रग्बी लीग हा खेळ मी पन्नाशीच्या जवळ आल्यावर नागपूरच्या एका शिबिरात पहिल्यांदा पाहिला. मोठ्या प्रकारात तेरा जण असतात, आम्हाला शिकवला तो छोटा प्रकार होता. एका बाजूला नऊ जण, नऊ मिनिटांचा एक हाफ, असे दोन हाफ. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्यानं अंगाला धरून पाडायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. भांडायचं नाही, जमिनीवर ठेवायचा आणि मागे सरायचं. हा नियम आमच्या मुलींच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. हातातली वस्तू आपणहून द्यायची, ही गोष्टच आमच्याकडे कुणाला पटत नाही. सहाव्या वेळेनंतरही पोरी चेंडू पोटाशी धरून पडून राहायच्या आणि मी शिट्टी वाजवून वाजवून थकायचो.

त्याच शिबिरात प्रशिक्षकानं आणखी एक नियम सांगितला होता. डोक्याला लागलं की खेळाडूला तीन गोष्टी विचारायच्या: आपण कुठे आहोत, कितवा हाफ चालू आहे, समोर कोणती टीम आहे. एक उत्तर जरी चुकलं तरी त्याला बाहेर घ्यायचं आणि त्या दिवशी पुन्हा आत सोडायचं नाही. मी हे शाळेत आल्यावर फळ्यावर लिहून शिकवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

ती खेळाडू माझी पुतणी. माझा धाकटा भाऊ सौंसरला राहतो, तिथे त्याचं कृषी केंद्र आहे. दहावीनंतर त्यानं मुलीला माझ्याकडे पाठवलं. दादा, तुह्याकडे राहीन तं शिस्तीत राहीन, एवढंच तो म्हणाला होता. घरी ती मला मोठेबाबा म्हणायची, माझ्या बायकोला मोठीआई. मैदानावर मात्र पहिल्या आठवड्यापासून सर. हे मी सांगितलं नव्हतं. कुण्या मुलीनं तिला टोमणा मारला होता की तुह्या घरचेच सर होय, तुले का टेन्शन. त्यानंतर शाळेच्या फाटकातून आत पाय टाकला की तिच्या तोंडून चुकूनही मोठेबाबा निघालं नाही. तहान लागली तरी, रडू आलं तरी, सर. मला त्याचा अभिमान वाटायचा.

सरावाला आमच्याकडे साधनं नव्हती. कापसाच्या जिनिंगमधून रुईचा कचरा आणून मी पोती भरली आणि मुलींना ती पाडायला शिकवली. डोकं बाजूला, खांदा पुढे, गाल पोत्याला चिकटलेला. त्या फार सफाईनं पोती पाडू लागल्या. पण पोत्याला गुडघे नसतात, ते पळत अंगावर येत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

स्पर्धा नागपूरला, थंडीच्या दिवसांत. सकाळच्या गाडीनं निघालो, मुलींनी डब्यात संत्री खाऊन सालींचा ढीग केला. सगळे सामने एकाच दिवशी होते. छोट्या खेळाची हीच गोम आहे. सामना इतका लवकर संपतो की त्यात काही वाईट घडेल असं वाटतच नाही. प्रत्येक वेळी मी मुलींना म्हणायचो, नऊ मिनिटं तर आहेत, काढा. पहिला सामना काढला, दुसरा काढला. शरीर मात्र असे तुकडे करून दमत नाही. उपांत्य सामन्याला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे पाय जड झालेले मला दिसत होते. माझ्या पुतणीचे सगळ्यात जास्त, कारण आमचं अर्धं पाडण्याचं काम ती एकटी करत होती.

समोर बैतूलकडच्या मुली होत्या. त्यांची एक थोराड मुलगी चेंडू घेऊन सरळ आली. पुतणी खाली वाकली, पण तिचं डोकं चुकीच्या बाजूला गेलं, आणि त्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. ती पडली, लगेच उठून बसली आणि जमिनीवरचं गवत उपटायला लागली. एकेक काडी, शांतपणे.

पंच धावत आले, मी गेलो. पंच तरुण होते, नागपूरचे. त्यांनी तिला आपण कुठे आहोत विचारलं. नागपूर, ती म्हणाली. कितवा हाफ. ती थोडी थांबली आणि पहिला म्हणाली. तेही बरोबर होतं.

"समोर कोणती टीम आहे?"

"सावरगाव."

आमच्या मुली खिदळल्या. रेषेवरून कुणीतरी ओरडलं, झेंडा घेऊन ये व. पंच माझ्याकडे पाहू लागले.

मी हसलो. "गंमत करून राहिली साहेब. आमच्याकडे समोर कोणीही असो, त्याले सावरगावच म्हणतात."

त्यांना ते कळेना. मी दोन वाक्यांत गोटमार सांगितली. ते ओशाळल्यासारखे हसले, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. नक्की ठीक आहे ना, तुमची जबाबदारी आहे सर, असं ते म्हणाले आणि मी हाव म्हटलं. पुन्हा शिट्टी वाजायला अवकाश होता. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला हाताला धरून उभं केलं. तेव्हा तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मोठेबाबा, आता घरी जायचं का?"

मैदानावर. मोठेबाबा.

तिनं गंमत केली नव्हती हे त्या क्षणी पृथ्वीवर फक्त एका माणसाला कळू शकत होतं आणि तो मी होतो. पंचांना ते कळणं शक्य नव्हतं, मुलींना कळलं नाही. मला कळलं. बदली मुलगी स्वेटर काढून रेषेवर उभी होती. मी तिला हातानं बस म्हणून खूण केली आणि पुतणीच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, नऊ मिनिटं तर आहेत.

असं का केलं, याचं मी स्वतःला पुष्कळदा उत्तर दिलं आहे. ट्रॉफी हवी होती, हे खरं. पण त्याहून जुनं काही माझ्या हातात होतं. माझ्या उजव्या भुवईवर दगडाची खूण आहे. तेव्हा मी तिच्याएवढाच होतो. वडिलांनी मला नदीकाठी बसवलं, जखम नदीच्या पाण्यानं धुतली, चंडीमातेची भभूत लावली आणि माझं तोंड झाडाकडे फिरवून दिलं. मी परत गेलो. गावानं माझं कौतुक केलं. लागलेल्या माणसाला बाहेर बसवायचं असतं हे मी शिबिरात शिकलो, पण अंगात जे होतं ते शिबिराच्या कितीतरी आधीचं होतं. हे कारण आहे. याला मी सबब म्हणून पुढे करत नाही.

उपांत्य सामना जिंकलो. अंतिम सामन्यात, जवळजवळ संपतासंपता, तिला कुणाचातरी साधा धक्का लागला. इतका साधा की पंचांनी खेळही थांबवला नाही. ती खाली बसली, उलटी झाली, मग आडवी पडली. बाकीच्या मुलींनी सामना संपवला आणि ट्रॉफी घेतली. मी तिला घेऊन रिक्षातून दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला, त्यात काही निघालं नाही. आज याआधी कधी डोक्याला लागलं होतं का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानं चार दिवस आराम सांगितला. भावाला मी तिथूनच फोन केला. शेवटच्या मिनिटाला पडली, फोटो नॉर्मल होय, काळजी करू नको.

सोमवारी मी भाषण केलं तेव्हा ती माझ्या घरी मागच्या खोलीत, खिडकीला चादर लावून पडलेली होती. संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती म्हणाली की तिला दुसऱ्या सामन्यानंतरचं काहीच आठवत नाही. सेमीफायनलमध्ये काय झालं होतं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, तू लय छान खेळली. ती खूश झाली.

थोड्या दिवसांनी भाऊ तिला सौंसरला घेऊन गेला. बारावीची परीक्षा तोंडावर होती. तिचं डोकं दुखणं थांबत नव्हतं, ट्यूबलाईट सहन होत नव्हती, वाचलेली ओळ दुसऱ्यांदा वाचली तरी ती पहिल्यांदाच वाचल्यासारखी वाटायची. ती हे सांगायची, आणि घरात सगळ्यांकडे एकच उत्तर होतं: रिपोर्ट नॉर्मल आहे. शेवटच्या मिनिटाला एकदा पडली, त्याचं एवढं कशाला. तिचा मामा म्हणाला, परीक्षा आली का आजकालच्या पोरींचं डोकं दुखतेच. भावानं तिचा मोबाईल काढून घेतला, दुकान बंद करून आल्यावर तो तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचा आणि तिला मोठ्यानं वाचायला लावायचा. एकदा तिला पुस्तकावरच उलटी झाली. ती पित्ताची ठरली. मला हे सगळं भावाच्याच तोंडून कळत होतं. तो फोन करून म्हणायचा, दादा, तूच समजाव, तुह्यं ऐकते ते. आणि मी तिला समजावलं. मी फोनवर तिला म्हणालो, थोडा जोर लाव बेटा, होते सगळं.

माझ्या हातून जे झालं त्यातलं सगळ्यात वाईट मला हे वाटतं. मैदानावरचा तो क्षण नव्हे.

पुढे एकदा टीममधली एक मैत्रीण तिला भेटायला सौंसरला गेली. तिनं आपल्या मोबाईलवर माझं भाषण तिला दाखवलं, हसवायला म्हणून. मैत्रिणीच्याच मोबाईलवरून पुतणीचा मला फोन आला.

"मोठेबाबा, मी सेमीफायनलमंधी पण पडली होती का?"

मी म्हटलं, उद्या येतो.

भाऊ दुकानातच होता. फवारणीच्या पंपांच्या खोक्यांमध्ये त्यानं मला स्टूल दिलं, चहा सांगितला. एक ओळखीचं गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला तो म्हणाला, हेच ते, सावरगाववाले सर. भाषण त्यानंही पाहिलं होतं. त्याच्यासाठी ते पोरीचं कौतुक होतं, डोक्याला लागलं हे शब्द त्याच्या कानावरून नुसते गेले होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. गुडघा कुठे लागला, ती गवत कशी उपटत होती, मला काय म्हणाली, पंचांना मी काय सांगितलं, डॉक्टरला काय सांगितलं. चहा आला, त्यानं माझ्यापुढे सरकवला.

त्यानं ओरडावं असं मला वाटत होतं. तो बराच वेळ काउंटरवरची बियाण्यांची पाकिटं सरळ करत राहिला.

"मी असतो तं म्याही पाठवलंच असतं," तो म्हणाला. "आपल्या बापानं तुले नव्हतं पाठवलं? तू मेला का?"

एवढंच. त्यानं मला माफ केलं होतं, चहाचा कप निवायच्या आत. आणि ज्या गोष्टीमुळे मी ते केलं, त्याच गोष्टीमुळे त्यानं मला माफ केलं होतं. मी तो चहा प्यालो. तसा कडू चहा मी आयुष्यात प्यालो नाही.

दुपारी घरी जेवायला गेलो. भावजयीनं ताटं वाढली. पुतणी खोलीच्या दारात ओढणी डोळ्यांवर ओढून उभी राहिली. मी तिला तिच्या वडिलांसमोर पुन्हा सगळं सांगितलं. मी रडलो नाही, मला तो हक्क नव्हता. शेवटी आपल्या आईकडे वळून म्हणाली, "म्हणजे मी खोटं नव्हती बोलून राहिली." मग मला म्हणाली, "हे डॉक्टरले सांगान?"

मी हाव म्हटलं.

भावाच्या गाडीनं आम्ही तिघं नागपूरला गेलो, या वेळी मेंदूच्या मोठ्या डॉक्टरकडे. मी सांगितलं. डॉक्टर वयस्कर होते, ऐकताना त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्यावर ते रागावले नाहीत, माझ्याशी नंतर बोललेच नाहीत. त्यांनी तिला विचारायला सुरुवात केली आणि ती सांगू लागली. मधूनच तिला शब्द सापडायचा नाही, ती हवेत बोटं हलवायची, आम्ही वाट पाहायचो. मग डॉक्टर भावाला म्हणाले की फोटोत काही दिसत नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला. त्यावर तिला प्रकाशात बसवून वाचायला लावणं म्हणजे मोडलेल्या पायावर पळवणं झालं. या वर्षी परीक्षा नाही. बरी होईल, पण कधी, हे त्यांना सांगता येत नव्हतं. भाऊ टेबलाच्या काठाकडे बघत ऐकत होता.

परतीला लागलो. लोधीखेडा मागे पडलं. सौंसरला आलो की मी नेहमी त्याच्याकडे जेवूनच पुढे जातो. त्या दिवशी त्यानं गाडी बसस्टँडसमोर उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. मी उतरलो. तोही उतरला आणि माझ्या बाजूला आला.

"तू तिले पाठवलं, त्याचं मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "आताही नाही म्हणत. पण पोरगी रोज सांगून राहिली होती, बाबा डोकं दुखते. अन् मी तिले खोटारडी म्हटलं. रोज म्हटलं दादा. तुह्या एका फोनवर म्हटलं. आता हे मी कसं वापस घेऊ, सांग."

मागच्या सीटवरून तिनं काचेवर बोटानं टकटक केलं. "बाबा, चला न. ऊन डोळ्यावर येऊन राहिलं."

तो लगेच गेला. बसायच्या आधी त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मागच्या काचेत अडकवून तिच्यावर सावली केली. गाडी वळून बाजारात शिरेपर्यंत मी उभा होतो. मग पांढुर्ण्याची बस कोणती ते विचारायला आत गेलो.